आई अजून किती दिवस? वृद्धसेवा केंद्रातल्या आईवडिलांबद्दल डॉक्टर काय सांगू शकतात

प्रश्न थोडक्यात असा. आई ८४ वर्षांची, दोन वर्षांपासून दहिसरच्या एका वृद्धसेवा केंद्रात. डिमेन्शिया, मधुमेह, रक्तदाब. जानेवारीत वजन ४६ किलो होतं, जुलैत ३९. मधल्या काळात दोनदा न्यूमोनिया, दोन्ही वेळा अ‍ॅम्ब्युलन्स आणि आयसीयू. मुलगी गिरगावात, मुलगा मेलबर्नला. ‘प्रत्येक डॉक्टर म्हणतो, वय झालंय, काही सांगता येत नाही. नाकातून नळी घालायची का? भावाने दिवाळीचं तिकीट काढलंय, ते चालेल का? कुणीतरी स्पष्ट सांगा.’

ताई, आधी तिकिटाचं. दिवाळीपर्यंत थांबू नका, भावाला येत्या दोन-तीन आठवड्यांतच बोलवून घ्या. आई दिवाळी बघणार नाहीत असं मी म्हणत नाही, कदाचित बघतीलही. मी त्यांना तपासलेलं नाही. पण डिमेन्शिया, सहा महिन्यांत सात किलो आणि दोन न्यूमोनिया, एवढं झाल्यावर माणूस पुढे कसा उतरत जातो हे गेली २२ वर्षं मी केंद्राकेंद्रांतून बघते आहे. भाऊ आला तेव्हा आईंनी त्याचा आवाज ओळखावा, त्याचा हात दाबावा, एवढं हवं असेल तर ते आत्ताच होण्यासारखं आहे.

‘सांगता येत नाही’ हे उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे. तारीख सांगता येत नाही. धोका किती वाढलाय, कशाने वाढलाय आणि त्यातलं काय मागे फिरवता येईल, हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक शब्दाचा घोळ इथेच मिटवते, कारण इंटरनेटवर वाचून अनेकांचा गोंधळ होतो. मुंबईत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की नाक्यावरचं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं, बाळंतपणाचं नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनचं, १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदलेलं. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ म्हाताऱ्या माणसांनी कायम राहायची, चोवीस तास शुश्रूषेची जागा. मृत्यूच्या धोक्याचा अभ्यास झाला तो बहुतेक या दुसऱ्या जातीच्या जागांमधला. तिथे १९८७ च्या कायद्यानंतर प्रत्येक रहिवाशाची ठरलेल्या नमुन्यात, दर तीन महिन्यांनी नोंद ठेवावी लागते: वजन, चालणं, जेवण, जखमा, श्वास, लघवी-संडासवरचा ताबा. त्या नोंदी हाताशी असल्यामुळे कोण गेलं आणि जाण्याआधी त्यांच्यात काय बदललं होतं, हे जुळवून बघता आलं. आपल्याकडच्या केंद्रांत बीपी आणि शुगरचा तक्ता पलंगाला अडकवलेला असतो, वजनाचा नसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्यांत जास्त बोलते ती नेमकी हीच नोंद. तुमच्याकडे जानेवारी आणि जुलै असे दोन आकडे आहेत हेच मला विशेष वाटलं. ज्या कोणी ते लिहून ठेवले त्यांचे आभार माना.

घरचे लोक मला आजारांची यादी वाचून दाखवतात. मधुमेह वीस वर्षं, बायपास झालेली, गुडघे बदललेले, थायरॉइड. केंद्रातल्या वृद्धाच्या बाबतीत ही यादी फारसं काही सांगत नाही, कारण शेजारच्या पलंगावरच्या आजींचीही यादी तशीच असते. फरक दिसतो तो गेल्या तीन महिन्यांत काय काय सुटलं यात. मार्चमध्ये आधाराने बाथरूमपर्यंत जात होत्या, आता खुर्चीत बसवावं लागतं. आधी स्वतः चमचा धरायच्या, आता भरवावं लागतं. दिवसातला निम्मा वेळ पलंगावर जायचा, आता सगळाच जातो. कॅनडात २००३ साली ‘चेस’ नावाची एक मोजपट्टी तयार झाली, ० ते ५ गुणांची. तिच्यात उलटी, पायांवरची सूज, धाप, वजन घटणं, अंगातलं पाणी कमी होणं हे तर आहेच, पण स्वतःची कामं करण्यात आणि साधे निर्णय घेण्यात अलीकडे घसरण झाली का, हेही विचारलेलं आहे. माझ्या मते त्या मोजपट्टीतली सगळ्यांत शहाणी गोष्ट ‘अलीकडे’ ही आहे.

प्रगत डिमेन्शियासाठी अमेरिकेत २०१० मध्ये ‘अ‍ॅडेप्ट’ नावाची गुणपद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात बारा गोष्टी मोजतात: वय, पुरुष असणं, केंद्रात नव्याने दाखल होणं, धाप, बेडसोअर, सगळ्याच कामांत दुसऱ्यावर अवलंबून असणं, बहुतेक दिवस अंथरुणात जाणं, पुरेसं न खाणं, संडासवरचा ताबा जाणं, उंचीच्या मानाने वजन फार कमी असणं, अलीकडे वजन घटणं आणि हृदय थकलेलं असणं. नीट बघितलंत तर यातली एकही गोष्ट जाणायला महागडी तपासणी लागत नाही. मेंदूचा एमआरआय पुन्हा काढून काही कळणार नाही. आईंना रोज अंघोळ घालणारी बाई यातल्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊ शकेल.

म्हणून सांगते, मावशींना विचारा. केंद्रात गेलात की ऑफिसात मॅनेजरांशी बोलता, फोनवर डॉक्टरांशी बोलता. पण आईंना भरवणाऱ्या मावशींजवळ दहा मिनिटं बसा. बोरिवलीच्या एका केंद्रात एक मावशी मला म्हणाल्या होत्या, ‘मॅडम, आजी घास गालात धरून बसतात, गिळायचं विसरतात. आधी डाळ-भाताचं ताट अर्ध्या तासात व्हायचं, आता तासभर लागतो आणि निम्मं परत जातं.’ रक्ताचे रिपोर्ट त्या आठवड्यात चांगले होते. पुढच्या पंधरा दिवसांत त्या आजींना ठसका लागून न्यूमोनिया झाला. मावशींनी ते आधीच सांगितलं होतं, लिहून घ्यायला कोणी नव्हतं. तेव्हापासून मी राउंडला गेले की आधी मावशींना विचारते, मग फाइल उघडते.

आता वजन. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं की ती धोक्याची घंटा, हा जगभर वापरला जाणारा हिशोब आहे. तुमच्या आईंचे ४६ मधले ७ किलो गेले, म्हणजे १५ टक्के. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर वजन करायचं. उभं राहता येत नसेल तर खुर्चीसकट करायचं आणि खुर्चीचं वजन वजा करायचं. तेही जमत नसेल तर शिंप्याच्या टेपने पोटरी मोजायची, जिथे ती सगळ्यांत जाड असेल तिथे. ३१ सेंटिमीटरच्या खाली आली म्हणजे स्नायू खंगलेत असं समजायचं. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवतं, आणि तेव्हा वजनही फसवतं. अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, रिपोर्ट बघून ‘प्रोटीन पावडर द्या’ म्हणणाऱ्यांनाही एक सांगते: अल्ब्युमिन आजारात, जंतुसंसर्गात आपोआप उतरतं. त्यावरून जेवण पुरतं की नाही हे ठरत नाही.

पण वजन उतरलं म्हणजे शेवटच आला असं धरून चालायचं नाही. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे माझी स्वतःची एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजींच्या मुलाला मी सांगितलं होतं की दोन-तीन महिने धरा. खाणं सुटलेलं, दिवसभर डोळे मिटलेले, वजन घसरलेलं. नंतर आमच्या एका ज्युनियर डॉक्टरने गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतून एकेक पाकीट तपासलं. रात्री ओरडतात म्हणून कुणीतरी सुरू केलेली मानसोपचाराची गोळी वर्षभर चालू होती, वर झोपेची वेगळी. कवळी सैल झालेली, आणि तिच्याखाली टाळूवर बुरशीचा पांढरा थर. दोन्ही गोळ्या हळूहळू बंद केल्या, तोंडाला औषध लावलं, कवळी काढून ठेवली आणि मऊ जेवण दिलं. त्या आजी पुढे तीन वर्षं जगल्या. मी तोंडात टॉर्च मारून बघितलं नव्हतं.

डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना अशी मानसोपचाराची औषधं दिली की मृत्यूचा धोका दीडपटीहून जास्त वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात हे मला मान्य आहे, पण किती दिवस आणि कशासाठी हे लिहिलेलं हवं. आणखी काही गोष्टी आईंच्या डॉक्टरांकडून खात्रीने बघून घ्या: थायरॉइड, नैराश्य, आठवडा-आठवडा पोट साफ न होणं, भूक मारणारी मधुमेहाची गोळी, आणि टीबी. मुंबईत म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरतंय म्हटलं की टीबी डोक्यात यायलाच हवा. या वयात खोकला-तापाशिवायही तो येतो, नुसती अन्नावरची वासना उडते आणि माणूस खंगत जातो. एका खोलीत चार पलंग असलेल्या केंद्रात तर तो वेळेत सापडणं बाकीच्या तिघांसाठीही गरजेचं असतं. छातीचा एक्स-रे आणि बेडका निघाला तर त्याची तपासणी, एवढं म्हातारपणातही जड नाही. हे सगळं बघून काही सापडलं नाही, तरच वजनाचा अर्थ मी वर म्हटला तसा लावायचा.

आकडे सांगते, कारण तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात. बोस्टनजवळच्या २२ नर्सिंग होममधल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रहिवाशांचा १८ महिने पाठपुरावा झाला. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून जास्त गेले. न्यूमोनिया झाल्यानंतर सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ४७ गेले, तापाच्या आजारानंतर ४५, खाण्यागिळण्याची अडचण सुरू झाल्यावर ३९. हे लोक अशा टप्प्यावरचे होते की घरच्यांना ओळखत नव्हते, चालत नव्हते, दिवसाकाठी पाच-सहा शब्दही नीट बोलत नव्हते. तुमच्या आई त्या टप्प्यावर आहेत का, हे तुमच्या पत्रावरून मला कळत नाही. त्या अजून तुम्हाला ओळखत असतील, वाक्य बोलत असतील, तर हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका.

आणि लावले तरी शंभरातले ४७ गेले म्हणजे ५३ राहिले. तुमची आई त्यांतल्या कुठल्या बाजूला, हे त्या आकड्याला माहीत नसतं. मघाच्या ‘अ‍ॅडेप्ट’चंच घ्या. सहा महिन्यांत जाणारे आणि राहणारे वेगळे ओळखण्यात तिचा गुण ०.६७ आला, नाणं उडवून सांगितलं तर ०.५ येतो आणि अचूक सांगितलं तर १. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या काळातल्या शुश्रूषेच्या सोयीत, घेण्यासाठी अमेरिकेत जो सरकारी निकष वापरतात त्याचा गुण तर ०.५५ आला. म्हणजे इतक्या नोंदी, इतकी मेहनत, आणि तरी एका माणसाबद्दल बोलायचं झालं की पाय जपूनच टाकावा लागतो. डॉक्टर स्वतःला एक सोपा प्रश्न विचारतात, ‘हा पेशंट वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?’ कॅन्सरमध्ये तो बरा चालतो, डिमेन्शिया आणि थकलेल्या शरीरात तेवढा नाही. शिकागोत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मरणासन्न रुग्णांचं उरलेलं आयुष्य डॉक्टरांनी पाचपटीहून जास्त सांगितलं, आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितका अंदाज जास्त चुकला. म्हणून वर्षानुवर्षं बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांनी ‘काही होत नाही’ म्हटलं तर त्यांचा आदर ठेवून एखाद्या त्रयस्थ डॉक्टरांनाही विचारा.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं: ‘केंद्रात ठेवलं म्हणून ती खचली का?’ हे मला जवळजवळ प्रत्येक मुलगी विचारते. मुलगे विचारत नाहीत, पण त्यांच्याही मनात असतं. केंद्रात आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं आहे, म्हणून तर ‘नव्याने दाखल’ हा त्या बारांतला एक मुद्दा आहे. पण माणूस केंद्रात येतो कधी? खुब्याचं हाड मोडल्यावर, पक्षाघातानंतर, हॉस्पिटलातून अर्धा होऊन बाहेर पडल्यावर, दीड खोलीच्या घरात रात्रंदिवस एकटीने करणाऱ्या सुनेची पाठ मोडल्यावर. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांतलेही चार-पाचांतले एक वर्षभरात जातात. जागा बदलल्याचा धक्का बसतो, तो मी नाकारत नाही. पहिले महिने रोज कुणीतरी ओळखीचं दिसावं म्हणून मी आग्रह धरते. पण तुमच्या आई दोन वर्षं तिथे राहिल्या आहेत. आजचं वजन त्या निर्णयामुळे उतरलेलं नाही.

आता नळी. माझं मत: घालू नका. पक्षाघात नुकताच झालाय, गिळणं परत येण्याची आशा आहे, तिथे मी स्वतः नळी घालते. पुढे गेलेल्या डिमेन्शियात मात्र नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) मिळाला नाही, नंतरही मिळालेला नाही. तोंडातली लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न नळी असतानाही फुप्फुसात उतरतं. वर आई ती ओढून काढणार, मग हात बांधले जाणार. हात बांधलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुलींचे चेहरेही. त्याऐवजी भरवणं नीट करा: पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गिळल्याचं बघून पुढचा घास, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवणं, रोज दोनदा तोंड स्वच्छ करणं. पाण्याने ठसका लागत असेल तर घट्टसर पेज, दाट वरण, खीर, आटवलेलं दूध. तूप सढळ घाला. मधुमेह म्हणून गोड बंद केलं असेल तर ते आता सुरू करा. या वयात, या प्रकृतीत शुगर २०० च्या आसपास राहिली तर बिघडत नाही. ती ६० पर्यंत खाली उतरली तर बिघडतं, आणि खाणं निम्म्यावर आलं असताना जुन्याच मात्रेचं इन्सुलिन चालू असणं फार धोक्याचं. रक्तदाबाचंही तेच. फ्रान्स आणि इटलीतल्या केंद्रांत ८० च्या पुढच्या रहिवाशांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दोन किंवा जास्त गोळ्यांवर असून वरचं प्रेशर १३० च्या खाली असलेल्यांत मृत्यू जास्त आढळले. वजन ४६ असतानाच्या गोळ्या ३९ ला तशाच चालू आहेत का, हे उद्याच विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायला हरकत नसते.

पुढचा न्यूमोनिया येईल असं धरून चाला आणि तेव्हा काय करायचं ते आजच ठरवा. केंद्रातल्या सिस्टरना शिकवून ठेवा: आई गप्प झाल्या, जेवण नाकारलं की पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. २५ च्या वर गेले तर तापाची वाट न बघता डॉक्टरांना फोन. मग पर्याय दोन. तोंडाने किंवा इंजेक्शनने अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन तिथेच द्यायचं, नाहीतर हॉस्पिटल. आयसीयू आणि व्हेंटिलेटरबद्दल भावाशी आधीच बोलून एकमत करा. रात्री दोन वाजता, वेस्टर्न एक्स्प्रेस वेवर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून मेलबर्नला फोन लावून हा निर्णय नीट होत नाही. एकदा व्हेंटिलेटर लावला की तो काढण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली पद्धत आहे, डॉक्टरांच्या दोन मंडळांची. ती आता पाळता येण्याजोगी आहे, पण त्या दिवसांत घरच्यांना ती सोसत नाही. आईंनी पूर्वी, शुद्धीत असताना, काही बोलून दाखवलं होतं का? एखाद्या नातेवाइकाच्या आजारपणात ‘माझं असं करू नका’ म्हणाल्या होत्या का? ते आठवा आणि लिहून काढा.

देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत, वांद्र्याला, १९८६ मध्ये सुरू झालं. पण ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांसाठी असं दार अजून सहजी सापडत नाही, म्हणून केंद्रात येऊन बघेल असा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारा, डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. शेवटच्या धापेवर थोडं मॉर्फिन फार उपयोगी पडतं आणि ते प्रत्येकाकडे मिळत नाही. तोच डॉक्टर अधूनमधून येत राहिला तर आणखी एक गोष्ट सोपी होते. मृत्यू केंद्रात झाला तर कारणाचा दाखला, चार-अ नमुना, आधीपासून उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. तसा कोणी नसेल तर पोलीस, पंचनामा, कधी शवविच्छेदनही. नेमक्या त्या तासांत माणसं या दाखल्यासाठी वणवण करताना मी पाहिली आहेत.

अगदी शेवट जवळ आला की तो दिवसांत मोजता येतो, आणि तेव्हा आम्ही कमी चुकतो. गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट जाळी दिसते, लघवी जवळजवळ थांबते, श्वास काही वेळ जोरात चालतो, मग थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. घशात घरघर येते. ती ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, आईंना बहुधा नाही. तेव्हा पाणी पाजायचा आग्रह नको, ओला कापूस ओठांना लावत राहा.

आज मात्र आई ३९ किलोच्या आहेत आणि ताटासमोर बसवल्या जातात. भाऊ येईल तो सकाळी आला तर बरं. या आजारात संध्याकाळी बहुतेकांचा गोंधळ वाढतो. त्याला सांगा, समोरून, चेहरा दिसेल असं बसायचं, स्वतःचं घरातलं नाव घ्यायचं आणि ‘मला ओळखलंस का’ असं विचारायचं नाही. आणि जाताना डब्यात आईंना आवडायचं ते मऊ काहीतरी घेऊन जा. पहिला चमचा त्याला भरवू द्या, शेजारी मावशी असू द्या.